धागा: मारुतीच्या कमरेला पाणी, पण किती वाजता? गोदेचा हायड्रोग्राफ कसा वाचायचा

गोदाकाठ (धागाकर्ता)

पावसाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो: त्र्यंबकला किती मिमी पडला म्हणजे रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं? याचं एका आकड्यात उत्तर नाही. का नाही, तेच इथे बोलू.

नाशकात पूर मोजायची पट्टी म्हणजे गोदापात्रातली ही मारुतीची मूर्ती. पायाला पाणी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागलं की महापूर. सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९ या पुरांची तुलना आजही लोक मारुतीवरूनच करतात. पट्टी म्हणून त्यात वावगं काही नाही. फक्त तिला घड्याळ नाही. पाणी कमरेपर्यंत दोन तासांत चढलं की दहा तासांत, हे मारुती सांगत नाही, आणि काठावरच्या दुकानदाराला माल हलवायला तेवढंच कळायला हवं असतं.

आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर विसर्ग घेतला की झाला हायड्रोग्राफ. शासकीय परिभाषेत जलालेख. त्याच कागदावर वरच्या कडेने, उलटे लटकवल्यासारखे, दर तासाच्या पावसाचे खांब काढायचे. मग डोळ्यांनी चार गोष्टी शोधायच्या. पाऊस सुरू होण्याआधी नदीत जे वाहत होतं तो मूळ प्रवाह. तिथून उठणारी चढती बाजू. शिखर. आणि उतरती बाजू, जी जवळजवळ नेहमीच चढत्यापेक्षा लांब असते. पावसाच्या ढिगाचा मध्य ते शिखर यातलं अंतर म्हणजे विलंबकाळ. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण पाणी.

बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ या शेवटच्या मुद्द्यावर असतो. क्युसेक (घनफूट दर सेकंदाला) हा वाहण्याचा वेग आहे, टीएमसी (अब्ज घनफूट) हा साठा. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतं. 'सकाळी ६ हजार, दुपारी ९ हजार, म्हणजे एकूण १५ हजार क्युसेक सोडले' अशी बेरीज करणं म्हणजे सकाळी ताशी ४० आणि दुपारी ताशी ६० ने गाडी चालवली म्हणून वेग १०० झाला म्हणण्यासारखं आहे.

---

नवी_विहीर

उतरती बाजू लांब का असते? पाऊस थांबला की पाणीही तसंच झपाट्याने उतरायला हवं ना?

---

मुरुमाड

चढती बाजू पाऊस ठरवतो, उतरती जमीन ठरवते. पाऊस थांबला तरी ओढ्यांत, शेतांच्या बांधांत, मुरमात, खडकाच्या भेगांत पाणी अडकलेलं असतं. ते ज्या गतीने सुटतं ती त्या पाणलोटाची सही म्हणा. म्हणून एकाच नदीच्या वेगवेगळ्या पुरांच्या चढत्या बाजू निरनिराळ्या दिसतात, उतरत्या मात्र शेपटीकडे एकमेकींवर बसतात.

ताडून पाहायचं तर विसर्ग लॉग अक्षावर (दर पायरीला दहापट वाढणाऱ्या) आणि वेळ साध्या अक्षावर घ्या. उतरती बाजू दोन-तीन सरळ तुकड्यांत मोडते. पहिला तीव्र उताराचा तुकडा पृष्ठभागावरून आलेल्या पाण्याचा, मधला (असला तर) वरच्या मातीतून झिरपणाऱ्याचा, शेवटचा सपाट तुकडा भूजलाचा. प्रत्येक तुकड्याचं सूत्र एकच: आजचा विसर्ग = कालचा विसर्ग × क. भूजलाच्या तुकड्यात हा 'क' एकाच्या अगदी जवळ असतो, पहिल्यात बराच खाली.

आपल्याकडे सगळा दख्खनचा बेसॉल्ट. ब्रह्मगिरीच्या अंगावर माती पातळ, खाली कातळ, उतार उभा. तिथे चढती बाजू भिंतीसारखी उभी राहते आणि भूजलाची शेपटी बारीक. पावसाळ्यात धो धो वाहणारे ओढे उन्हाळ्याच्या कितीतरी आधी कोरडे पडतात ते यामुळेच.

---

नवी_विहीर

आणि मूळ प्रवाह वेगळा काढताना रेघ नक्की कुठून कुठे मारायची? पुस्तकात न = ०.८३ × अ^०.२ दिवस असं सूत्र आहे; न म्हणजे शिखरानंतर पृष्ठभागावरचं पाणी संपायला लागणारे दिवस, अ म्हणजे पाणलोटाचे चौ. किमी.

---

मुरुमाड

ते सूत्र मोठ्या नद्यांचं. ३६ चौ. किमीच्या नाल्याला लावलं तर १.७ दिवस येतात, आणि प्रत्यक्षात तो नाला दहा-बारा तासांत उतरून मोकळा होतो. छोट्या पाणलोटाला लॉग कागदावरचा मोडच (जिथे शेवटचा सपाट तुकडा सुरू होतो) धरा. चढती बाजू सुरू होते तो बिंदू आणि हा मोड, यांना सरळ रेघेने जोडा. यापेक्षा नाजूक पद्धती आहेत, पण घाटमाथ्याच्या पुरात मूळ प्रवाह शिखराच्या दोन-चार टक्के असतो. तिथे कारागिरी करून हाती काही लागत नाही.

---

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. 'किती मिमी पडला की' याला उत्तर नाही, कारण पडलेला पाऊस आणि वाहिलेला पाऊस यांच्या मध्ये जमीन बसलेली आहे. कर्व्ह नंबरच्या पद्धतीने करून पाहू. हा नंबर जितका मोठा तितका पाऊस जास्त वाहतो; खालचा 'स' म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरू शकते ते. समजा पाणलोटाचा कर्व्ह नंबर ८०.

स = २५,४००/८० − २५४ = ६३.५ मिमी
सुरुवातीची तूट = ०.२ × स = १२.७ मिमी
वाहिलेला पाऊस = (पाऊस − तूट)² ÷ (पाऊस + ०.८ स)

६० मिमी पावसाला: ४७.३² ÷ ११०.८ = २०.२ मिमी.

आता तोच पाणलोट, तेच ६० मिमी, पण आधीचे पाच दिवस कोरडे (३५ मिमीच्या आत पाऊस). कर्व्ह नंबर ८० चा ६३ होतो, वाहतो फक्त ५ मिमी. आधीच्या पाच दिवसांत ५३ मिमीपेक्षा जास्त झाला असेल तर नंबर ९१, आणि वाहतात ३८ मिमी. पाऊस तोच, पाणी साडेसातपट. म्हणून जूनच्या पहिल्या दणक्यात नदी हलत नाही आणि ऑगस्टमध्ये त्याच्या निम्म्या पावसावर घाटाच्या पायऱ्या बुडतात.

---

मुरुमाड

बरोबर, पण ०.२ हा अमेरिकन आकडा आहे. आपल्याकडे काळ्या मातीला जमीन मध्यम किंवा पूर्ण भिजलेली असेल तर ०.१ घेतात; कोरडी असेल तर, किंवा इतर मातींना, ०.३. त्याने तुमचे आकडे असे बदलतात: कोरड्यात १.४ मिमी, मध्यममध्ये २४.६, भिजलेल्यात ४०. फरक आणखी ताणला जातो.

कारण शेतात जाऊन बघता येतं. मे महिन्यात निफाडच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पहिला पाऊस सरळ त्या भेगांत उतरतो, बांधावरून थेंब बाहेर पडत नाही. दोन-तीन पावसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन ताडपत्रीसारखी वागते. खडकाळ पाणलोटाला हा न्याय लावू नका. तिथे मातीच्या अशा भेगाही नाहीत आणि फुगणारी मातीही नाही.

---

पट्टीवाचक

पावसाचा आकडा कुठून घेता यावर सगळं अवलंबून आहे, आणि तिथे दोन चुका पुन्हा पुन्हा होतात.

एक, हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. म्हणजे ४ तारखेच्या नोंदीत ३ तारखेच्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस असतो. लोक तो ४ तारखेचा समजून ४ तारखेच्या पुराशेजारी मांडतात आणि मग 'पाऊस पडायच्या आधीच पूर आला' असा चमत्कारिक आलेख हाती येतो.

दोन, एकाच ठिकाणचा पाऊस सगळ्या पाणलोटावर पसरून टाकतात. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास, नाशिक शहरात ७०० च्या आसपास. मध्ये सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा नाहीत. शहरातल्या पर्जन्यमापकावरून शहराच्या वर गोदेवर असलेल्या गंगापूर धरणात काय येणार हे ठरवणं फोल आहे. निदान थिसेन बहुभुज तरी काढा: पर्जन्यमापकांना जोडणाऱ्या रेषांचे लंबदुभाजक काढून प्रत्येक मापकाच्या वाट्याचं क्षेत्र ठरवायचं आणि त्या प्रमाणात सरासरी घ्यायची. डोंगराळ भागात तेही कमीच पडतं, तिथे समपर्जन्य रेषा (सारखा पाऊस झालेली ठिकाणं जोडणाऱ्या) हाताने काढाव्या लागतात.

आणि २४ तासांच्या एका आकड्यातून हायड्रोग्राफ निघत नाही. तासाचा, छोट्या नाल्याला पंधरा मिनिटांचा पाऊस हवा. स्वयंचलित मापकात एक छोटं ढकलपात्र असतं, ठरावीक पाऊस भरला की ते कलंडतं आणि कलंडल्याची वेळ नोंदवली जाते. झाडाचं एक पान नळीत अडकलं की पात्र कलंडायचं थांबतं आणि आलेखात शून्य पाऊस. नंतर पान सुटलं की साठलेलं सगळं पाणी एकदम येतं आणि ढगफुटीसारखा खांब उभा राहतो. असा एकटा खांब दिसला की आधी शेजारच्या मापकाशी ताडून बघा.

---

आकडेमोड

आता पावसावरून प्रत्यक्ष आलेख काढून दाखवतो. एकक जलालेखाची कल्पना शर्मनने १९३२ मध्ये मांडली: पाणलोटावर एका ठरावीक वेळात सगळीकडे सारखा १ सेमी *वाहणारा* पाऊस पडला तर नदीत येणारा पूर. एकदा तो माहीत झाला की दुसरा कुठलाही पाऊस त्याच्या पटीत मांडून, सरकवून, बेरीज करायची.

हिशेब सोपा पडावा म्हणून कल्पित नाला घेतो. पाणलोट ३६ चौ. किमी. मुद्दाम ३६, कारण ३६ चौ. किमीवर १ सेमी म्हणजे ३,६०,००० घनमीटर, ते ३,६०० सेकंदांनी भागलं की बरोबर १००. म्हणजे तासागणिक विसर्गांची बेरीज १०० आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी चूक.

१ तासाच्या पावसाचा एकक जलालेख (क्युमेक म्हणजे घनमीटर दर सेकंदाला, तास ० पासून):
०, ८, २४, २८, १८, ११, ६, ३.५, १.५, ०. बेरीज १००. ठीक.

पाऊस तीन तास: १८, ३८, १३ मिमी. जमिनीची तूट ताशी ८ मिमी धरली, उरला १, ३, ०.५ सेमी.

पहिला तास एकपट, दुसरा तिप्पट करून एक तास पुढे सरकवायचा, तिसरा निम्मा करून दोन तास पुढे. उदाहरणार्थ चौथ्या तासाला: १८ + ३×२८ + ०.५×२४ = १८ + ८४ + १२ = ११४.

पूर्ण ओळ: ८, ४८, १०४, ११४, ७९, ४८, २७, १५, ६.२५, ०.७५. बेरीज ४५०, म्हणजे ४.५ × १००. जुळलं. मूळ प्रवाह २ क्युमेक मिळवला की शिखर ११६ क्युमेक, सुमारे ४,१०० क्युसेक. एकूण पुराचं पाणी १.६२ दलघमी (दशलक्ष घनमीटर).

---

नवी_विहीर

मी सरळ एकूण ४.५ सेमीला २८ ने गुणलं. १२६ आले, आणि तेही तिसऱ्या तासाला. तुमचं ११४ आणि चौथ्या तासाला. कुठे चुकलं?

---

आकडेमोड

तुम्ही तीन तासांचा पाऊस एका तासात ओतलात. एकक जलालेखावर त्याची मुदत लिहिलेली असते आणि ती पाळावीच लागते. १ तासाचा आलेख १ तासाच्या पावसालाच. ३ तासांचा हवा असेल तर १ तासाचे तीन आलेख एकेक तास सरकवून बेरीज करा आणि तीनने भागा. उलट दिशेने, ३ वरून १ वर यायचं असेल तर एस-वक्र (न थांबता पडत राहिलेल्या पावसाचा आलेख) काढावा लागतो. तो प्रत्यक्ष मोजमापावरून काढला की शेपटीकडे नागासारखा वळवळतो, हाताने गुळगुळीत करावा लागतो.

आणि तुमची चूक 'सुरक्षित बाजूची' म्हणून सोडून देऊ नका. शिखर १२ क्युमेक जास्त आलं हे एक वेळ चालेल, पण ते एक तास लवकर दाखवलंत. इशाऱ्याच्या कामात दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी कोणी ऐकत नाही.

---

मुरुमाड

एकक जलालेखाचं गृहीतक सरळ प्रमाणाचं आहे: पाऊस दुप्पट, पूर दुप्पट. नदी इतकी आज्ञाधारक नसते. मोठ्या पुरात पाणी खोल, खोल पाणी वेगवान, म्हणून शिखर प्रमाणापेक्षा उंच आणि लवकर येतं. १ सेमीच्या किरकोळ पुरांवरून काढलेला आलेख ३० सेमीच्या वादळाला लावला तर शिखर कमी दाखवतो. म्हणून धरणाच्या संकल्पनात एकक जलालेखाचं शिखर २५ ते ५० टक्के वाढवून घेण्याची रीत आहे. क्षेत्रफळ मात्र १ सेमीचंच ठेवायचं, म्हणजे आलेख बारीक आणि उंच होतो.

---

नवी_विहीर

ज्या नाल्यावर कधीच मोजमाप झालं नाही त्याचं काय?

---

आकडेमोड

नकाशावरून. त्याच कल्पित नाल्याची लांबी १४ किमी आणि उगमापासून उतार ५६ मीटर धरा, म्हणजे ०.००४. किर्पिचच्या सूत्राने:

वेळ (मिनिटं) = ०.०१९४७ × लांबी^०.७७ × उतार^−०.३८५, लांबी मीटरमध्ये.

२५४ मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. टोकाचा थेंब मुखाशी यायला लागणारा हा वेळ. विलंब त्याच्या ०.६ पट, सुमारे अडीच तास. अर्धा तास पावसाच्या मुदतीचा मिळवला की शिखर ३.०४ तासांनी. शिखराचा विसर्ग २.०८ × ३६ ÷ ३.०४ = २४.६ क्युमेक (२.०८ हा त्रिकोणी एकक जलालेखाचा ठरलेला गुणक). वर मी २८ घेतले होते. नकाशावरचा आणि नदीवरचा आलेख यांत एवढा फरक पडतोच, उलट तंतोतंत जुळले तर मला शंका येते.

आता गंमत बघा. याच नाल्याच्या काठाने वस्ती झाली, गटारं झाली, तळ काँक्रिटचा झाला आणि वेळ निम्म्यावर आला. शिखर १.७७ तासांनी, विसर्ग ४२ क्युमेक. पाऊस वाढला नाही, झिरपणंही अजून कमी धरलेलं नाही. नुसतं पाणी लवकर पोचू लागलं.

---

गोदाकाठ

नाशिक शहरातून वाहणाऱ्या नासर्डी नदीचं नेमकं हेच होतं. शहरात तासभर झोडपलं की नासर्डी भरते आणि रामकुंडावर पाणी चढतं.

---

सायखेडकर

गोदाकाठ, पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. नासर्डी टाकळीला मिळते, रामकुंडाच्या खाली. वाघाडी नदीही खालीच. रामकुंडावर दिसतं ते गंगापूर धरणाचा विसर्ग आणि धरणाच्या खालच्या मोकळ्या पाणलोटाचं पाणी, आळंदी नदी धरून. म्हणून धरणातून सोडलेल्या आकड्यापेक्षा रामकुंडाजवळच्या होळकर पुलावरचा आकडा जास्त असतो. लोक त्याला लपवाछपवी समजतात.

---

गोदाकाठ

मान्य, घाईत लिहिलं. दुरुस्त करून वाचावं.

---

पट्टीवाचक

धरणाखालचा हायड्रोग्राफ वाचायची रीत वेगळी आहे. नैसर्गिक पुराचा आलेख घंटेसारखा, धरणाच्या विसर्गाचा जिन्यासारखा. दारं उचलली की पायरी, तासाभराने आणखी उचलली की दुसरी पायरी. होळकर पुलापर्यंत येताना पायरीच्या कडा झिजतात, पण पायरी ओळखू येते. या जिन्यावर मध्येच एक टोकदार शिंग दिसलं तर ते मोकळ्या पाणलोटावरच्या पावसाचं.

धरण पूर खातं म्हणजे काय, तेही इथेच दिसतं. दारं नसलेल्या सांडव्यात जावकीचं शिखर बरोबर आवकीच्या उतरत्या बाजूवर बसतं: जिथे आवक आणि जावक समान होतात, तिथेच तलावाची पातळी कमाल. तुमच्या गणितात जावकीचं शिखर त्या रेषेच्या बाहेर पडलं तर साठ्याचं कोष्टक तपासा. दारांच्या धरणाला हा नियम नाही, तिथे माणूस ठरवतो. आणि तलाव भरलेला असेल तर खायला पोटात जागाच नसते, आलं तेवढं जवळपास तसंच पुढे.

---

नवी_विहीर

सोडलेलं पाणी रामकुंडाला यायला किती वेळ?

---

आकडेमोड

पाणी आणि पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीचं अंतर पंधरा किमी धरा आणि पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर. धरणातून निघालेलं लाकूड पावणेतीन तासांनी येईल. पण पुराची लाट रुंद पात्रात पाण्याच्या सुमारे ५/३ वेगाने पळते, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. ती १ तास ४० मिनिटांत पोचते. पायऱ्यांवर चढणारं पहिलं पाणी धरणातलं नसतंच, लाटेने पुढे ढकललेलं नदीतलं असतं. विसर्ग वाढला की वेग वाढतो आणि वेळ कमी होतो, त्यामुळे 'दोन तास' असा कायमचा आकडा पाठ करू नका. कोरड्या पात्रात सोडलेलं पहिलं पाणी तर डोह भरत भरत येतं, त्याला आणखी वेळ.

---

सायखेडकर

आमच्याकडे, म्हणजे नाशिकच्या खाली सायखेडा-चांदोरीकडे, प्रश्न बेरजेचा आहे. गोदा आणि तिला मिळणारी दारणा. गोदेला २०,००० आणि दारणेला १५,००० चं शिखर म्हणून इथे ३५,००० होईल असं सांगत सुटतात. शिखरं एका वेळी आली तरच. दोन्ही आलेख तासातासाने एकाखाली एक लिहा आणि उभी बेरीज घ्या. दारणेचं शिखर पाच तास आधी निघून गेलं तर बेरजेत दोन बुटकी शिखरं येतात, पाणी मात्र जास्त वेळ थांबतं. द्राक्षाच्या बागेला हे दुसरंच जास्त मारक. मुळं पाण्यात किती तास राहिली ते महत्त्वाचं, उंची नाही.

त्यात खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि गाळ. पाणी मागे फुगलं की पातळी आणि विसर्ग यांचं नातं बिघडतं. पट्टीवर तीच उंची, पण वाहतंय कमी.

---

पट्टीवाचक

हा मुद्दा वरच्या सगळ्या गणिताच्या मुळाशी आहे. विसर्ग कोणी थेट वाचत नाही. वाचतात पातळी, आणि कोष्टकातून विसर्ग काढतात. कोष्टकाचं सूत्र: विसर्ग = क × (पातळी − शून्यपातळी)^ब. शून्यपातळी म्हणजे जिथे वाहणं थांबतं ती, पट्टीचा शून्य नव्हे. ही गल्लत झाली की लॉग कागदावर बिंदू सरळ रेषेत न बसता वाकतात.

आणखी तीन ठिकाणी घसरतं. पाणी चढताना पृष्ठभागाचा उतार जास्त असतो, म्हणून एकाच उंचीला चढताना विसर्ग जास्त, उतरताना कमी. आलेख रेषेऐवजी फासा काढतो. मोठ्या पुरात तळ खरवडून निघाला किंवा गाळ बसला तर जुनं कोष्टक बाद. आणि सगळ्यात वाईट सवय: मोजलेलं आहे गुडघाभर पाण्यात, कोष्टक ताणलंय पूल बुडेपर्यंत. पाणी काठ ओलांडून पसरलं की घातांकच बदलतो.

---

नवी_विहीर

इंग्लिसचं सूत्र वापरून हे सगळं टाळता येत नाही का?

---

मुरुमाड

१२४ × अ ÷ √(अ + १०.४). ३६ चौ. किमीला ६५५ क्युमेक. वरच्या उदाहरणात ११६ आले होते. दोन्ही आपापल्या जागी ठीक. इंग्लिसचं सूत्र घाटातल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांच्या *कमाल* पुरासाठी आहे, एखाद्या दिवसाच्या पावसासाठी नाही. पुलाची उंची ठरवताना धाक म्हणून बघावं. सिन्नर-येवल्याच्या पठारी नाल्याला लावाल तर विनाकारण मोठा पूल बांधाल. आणि त्यातून फक्त शिखर निघतं. पाणी कधी येणार, किती वेळ राहणार, एकूण किती, यातलं काही नाही.

---

नवी_विहीर

शेवटचं. गावच्या नाल्याचा आलेख आपला आपण काढायचा असेल तर कमीत कमी काय लागेल?

---

पट्टीवाचक

सरळ, एकसारख्या रुंदीचा तुकडा निवडा. वळण नको, खाली लगेच बंधारा किंवा मोरी नको. पुलाच्या खांबावर ऑइल पेंटने सेंटिमीटरची पट्टी रंगवा. ती खांबाच्या प्रवाहाकडच्या तोंडावर नको, तिथे पाणी आपटून वर चढतं. बाजूच्या अंगावर रंगवा. उन्हाळ्यात दोरी आणि टेपने पात्राचा छेद घ्या, पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या.

वेगासाठी २० मीटरवर दोन खुणा, आणि अर्धवट बुडेल असं काहीतरी: नारळ उत्तम, थर्माकोल वाईट कारण वारा त्याला पळवतो. मध्ये, डावीकडे, उजवीकडे तीन-तीनदा. १६ सेकंद लागले तर १.२५ मी/से, हा पृष्ठभागाचा वेग, ०.८५ ने गुणून सरासरी १.०६. छेद ८ चौ. मी. असेल तर ८.५ क्युमेक, ३०० क्युसेक. पाणी गुडघ्याच्या वर असताना आत उतरायचं नाही, सगळं काठावरून किंवा पुलावरून.

किती वेळाने वाचायचं? शिखर यायला लागतो त्याच्या पाचव्या भागाने तरी. तीन तासांचा नाला असेल तर अर्ध्या तासाने, शहरातल्या ओढ्याला दहा मिनिटांनी. आणि घड्याळ पावसाच्या मापकाशी जुळवून घ्या. वीस मिनिटांचा फरक असला तरी छोट्या नाल्याचा विलंबकाळ बिघडतो.

---

नवी_विहीर

पूर रात्री दोनला आला तर?

---

पट्टीवाचक

येतोच. त्यासाठी दोन इंची जीआय पाइप खांबाला उभा बांधा, खाली दोन-तीन भोकं, वर हवेसाठी एक, टोपण लावून. आत लाकडी पट्टी आणि तळाशी मूठभर बुचाचा चुरा. पाणी चढलं की चुरा तरंगत वर जातो, उतरलं की सगळ्यात वरच्या पातळीला पट्टीवर चिकटून राहतो. सकाळी पट्टी काढायची, चुऱ्याची रेघ मोजायची, पुसायची, नवा चुरा टाकायचा. वेळ कळत नाही, पण शिखर हातचं जात नाही. वेळ मग आधीच्या आणि नंतरच्या वाचनांवरून अंदाजाने बसवायची. खालची भोकं दर पुरानंतर तारेने मोकळी करा, गाळाने बुजली की पाइपात पाणी चढतच नाही आणि पट्टी कोरडी निघते.